झाडीपट्टीच्या डोळ्यांनी चॅप्लिन

हॉलीवूडचा जुना ब्लॅक अँड व्हाइट पिक्चर लावला, की 'काय ही ओव्हरअ‍ॅक्टिंग!' म्हणत आपण पाच मिनिटांत बंद करतो. पण दोस्तांनो, मंडईच्या रात्री शाल गुंडाळून पहाटेपर्यंत नाटक बघणारे आपणच ना? शेवटच्या रांगेतल्या आजीलाही कळावं म्हणून वडशाच्या कंपनीतला नट हातवारे मोठे करतो, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. मूकपटातल्या नटांना तर आवाजच नव्हता. सगळं अंगानेच बोलायचं!

1927 मध्ये 'द जॅझ सिंगर' आला आणि पडदा बोलू लागला. तरी चार्ली चॅप्लिनने 1931 मध्ये 'सिटी लाइट्स' संवादांविनाच काढला. आंधळ्या फुलवालीसाठी कफल्लक भटक्या वाट्टेल ते करतो. रस्ते झाडतो, बॉक्सिंगच्या रिंगणातही उतरतो. दृष्टी आल्यावर ती त्याला कशी ओळखते, ते इथे सांगत नाही. एवढंच बघा, तिथे चॅप्लिनचे सगळे हातवारे थांबतात. उरतो फक्त चेहरा.

होस्टेलवर चौघं जमा, दीड तास काढा. फक्त फॉरवर्ड करू नका. नाटक कुठे फॉरवर्ड करता येतं?