घुमक्याचा खर्ज

कोल्हापुरात संगीताचा विषय निघाला की बोट आधी देवल क्लबाकडे आणि अल्लादियाखाँसाहेबांकडे जातं. त्यात गैर काही नाही. पण आयत्या वेळी, समोरचं बघत रंगत जाणारं वादन इथल्या माणसानं ऐकलं ते कुस्तीच्या मैदानात. शाहू महाराजांनी उभारलेलं खासबाग मैदान 1912 साली सुरू झालं, आणि कुस्ती म्हटली की हलगी आलीच.

ताफा केवढा? हलगी, खर्ज देणारं घुमकं, झांजेसारखं कैताळ. लक्ष सगळं हलगीवर. मलाही फार उशिरा कळलं, की हलगीवाला बेफाम सुटतो तो घुमक्याच्या भरवशावर. जॅझमध्ये डबल बासवाल्याचं जे काम, तेच इथं घुमक्याचं. जाणता घुमकेवाला दोन ठोक्यांमध्ये जागा सोडतो, ती हलगी भरते. ती जागा सोडता येणं हीच खरी तयारी.

खडाखडी चालू असते तोवर चाल संथ. एकानं पट काढला की हलगी दाटते, घुमकं मात्र जागचं हलत नाही. पुढचा डाव पैलवानालाच ठाऊक नसतो, तर वादकाला कुठला? हलगीवाला काय, घुमकेवाला काय, दोघांच्याही नजरा मातीवर. कुस्ती रेंगाळली की हेच वादक लय चढवून मल्लांना डिवचतात.

श्रीपती खंचनाळे 1959 साली पहिले हिंदकेसरी झाले, पुढच्याच वर्षी गणपत आंदळकर. ही नावं इथं तोंडपाठ आहेत. हलगी-घुमक्याची कला जपणारे बरेचसे वादक मातंग समाजातले. कुस्तीच्या पोस्टरवर त्यांच्यापैकी एकाचंही नाव माझ्या तरी पाहण्यात नाही.

मग मिरवणुकांत डॉल्बी आली. खर्ज मिळाला, तावदानं थरथरेपर्यंत मिळाला. तो वाजवणारा माणूस तेवढा गेला. ठोका दर वेळी तोच, समोर कोण नाचतंय याचा त्याला पत्ता नाही. पुढे आवाजाच्या मर्यादेवरून पोलीस कडक झाले आणि महाद्वार रोडवर पुन्हा हलग्या ऐकू येऊ लागल्या. कायद्यानं का होईना, बरं झालं.

हलगी परतली ती थोडी बदलून. पूर्वी वाजवण्याआधी रद्दी पेटवून ती शेकायचे. पावसाळी हवेत चामडं सैल पडायचं. टिचकी मारायची, कानाशी धरायची, पुन्हा जाळावर. आता बऱ्याच हलग्यांना फायबरचं पान असतं. शेकायची कटकट नाही, पावसाची भीती नाही. आवाज कडक येतो, पण तापल्या चामड्याचा गोडवा त्याला नाही.

पुढच्या मैदानाला जाल तेव्हा हलगीच्या पुढ्यात गर्दी करू नका, घुमकेवाल्याच्या शेजारी उभे राहा. कुस्ती सुटली की त्याचं नाव विचारा, आणि कुठंतरी लिहून ठेवा.