शिल्लक उन्हाचे गरम पाणी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

हुपरीच्या आसपास मळ्यातल्या वस्तीवर महावितरणची लाइन नसेल, तर पॅनेल, बॅटरी आणि इन्व्हर्टरवर घर चालवता येते. ऊन चांगले असले की अशी बॅटरी दुपारीच भरते आणि पुढचे ऊन वाया जाते. अंघोळीच्या पाण्यासाठी मात्र बंबात जळण घालावेच लागते. हे ऊन पाण्यात साठवता येते. पण त्याबद्दलचे काही गैरसमज महागात पडू शकतात.

गैरसमज : बॅटरी भरल्यावर वीज वापरली नाही, तर पॅनेल बिघडते.
वस्तुस्थिती : बॅटरी भरली की चार्ज कंट्रोलर पॅनेलकडून वीज घेणे कमी करतो. पॅनेलला काही होत नाही. नुकसान होते ते फक्त न मिळालेल्या विजेचे.

गैरसमज : पाणी तापवायला एवढी वीज पुरणारच नाही.
वस्तुस्थिती : 100 लिटर पाणी 20 अंशांवरून 45 अंशांपर्यंत नेण्यास सुमारे 2.9 युनिट लागतात. आपल्याकडे एक किलोवॅटचे पॅनेल दिवसाला सरासरी चार युनिट देते. त्यातले दीड युनिट शिल्लक राहिले, तरी 50 लिटर पाणी तापते.

गैरसमज : नेहमीचा गिझर थेट पॅनेलला जोडला की काम झाले.
वस्तुस्थिती : ही सर्वांत धोकादायक समजूत आहे. घरच्या एसी विजेचा प्रवाह सेकंदाला 100 वेळा शून्यावर येतो, म्हणून थर्मोस्टॅट उघडताना उडालेली ठिणगी लगेच विझते. पॅनेलची वीज डीसी असते. तिथे ठिणगी टिकते आणि संपर्कबिंदू वितळून चिकटू शकतात. मग पाणी तापतच राहते आणि टाकीत वाफेचा दाब वाढतो. गिझर इन्व्हर्टरमार्फतच चालवावा, नाहीतर डीसीसाठी बनवलेली कंट्रोल यंत्रणा बसवावी. अर्थिंग आणि सेफ्टी व्हॉल्व्ह दोन्हीकडे हवेतच.

गैरसमज : वीज कमी असली, तर 2000 वॅटचा गिझर सावकाश चालेल.
वस्तुस्थिती : तो इन्व्हर्टरकडून पूर्ण 2000 वॅट मागतो. इन्व्हर्टर लहान असेल तर ट्रिप होतो. मोठा असेल तर कमी पडलेली वीज बॅटरीतून ओढतो. म्हणून 500 ते 1000 वॅटचा एलिमेंट घ्यावा आणि बॅटरी पूर्ण भरल्यावरच तो सुरू करणारा रिले लावावा. चार्जिंगचा शेवटचा सावकाश टप्पा रोज अर्धवट राहिला, तर लेड-ॲसिड बॅटरीचे आयुष्य घटते.

गैरसमज : सोलर वॉटर हीटरपेक्षा हा मार्ग नेहमीच फायद्याचा.
वस्तुस्थिती : पॅनेल उन्हातली साधारण 20 टक्के ऊर्जा विजेत बदलते, वॉटर हीटर निम्मी किंवा त्याहून जास्त ऊर्जा पाण्यात उतरवू शकतो. फक्त गरम पाणीच हवे असेल, तर वॉटर हीटरच घ्यावा. गावात नेट मीटरिंग असेल, तर जादा युनिट बिलात जमा होतात. ते मुद्दाम गिझरवर खर्च करण्यात लाभ नाही.

पावसाळ्यात ढगांमुळे शिल्लक फारशी उरत नाही, तेव्हा बंब मोडीत काढू नका. खर्च करण्याआधी आठवडाभर बॅटरी रोज किती वाजता भरते ते लिहून ठेवा. दुपारी बारा-एकलाच भरत असेल, तर चांगल्या इन्सुलेशनची टाकी आणि जाणकार वायरमन यांवरचा खर्च सार्थकी लागेल. चार वाजेपर्यंत भरतच नसेल, तर तुमच्याकडे शिल्लक नाही. बॅटरीच्या वाट्याची वीज पाण्यावर घालवू नका.