घरी जोडलेला संगणक सुरू होत नाही तेव्हा

कंपनीचा तयार संगणक घेणे आपल्या बहुतेक कुटुंबांना आजही झेपत नाही. मोंढ्यात हमाली करणारा बाप किंवा कोयता घेऊन कारखान्यावर जाणारे आई-वडील एकरकमी चाळीस-पन्नास हजार कोठून आणणार? मग घरातला शिकता मुलगा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून, पुण्याहून जुने-नवे भाग आणतो आणि घरीच पेटी उभी करतो. बीड, गेवराई, माजलगाव, अंबाजोगाईच्या वस्त्यांतून असे संगणक आम्ही पाहिले आहेत. शिष्यवृत्तीचा अर्ज, स्वाधार योजनेचे कागद, जात पडताळणी, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास, सारे त्यावरच. आणि नेमक्या मुदतीच्या आठवड्यात बटण दाबले तरी पेटी ढिम्म!

मुलगा घाबरून दुकान गाठतो. दुकानदार झाकण न उघडताच सांगतो, "मदरबोर्ड गेला." सगळेच दुकानदार असे नसतात, प्रामाणिक कारागीरही पुष्कळ आहेत. पण न तपासता केलेले निदान मानावे कशासाठी? केसपुत्तच्या कालामांना तथागतांनी हेच सांगितले, की कोणी म्हणतो म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या. कारणावाचून काही घडत नाही, हा तर आपल्या धम्माचा पायाच आहे. नव्या संगणकाला लिंबू-मिरची बांधणारे महाभागही आम्ही पाहिले. त्यांना काय म्हणावे!

गेल्या वर्षी बीडच्या एका वस्तीतील पदविकेच्या विद्यार्थिनीला दुकानातून असाच निकाल मिळाला. नव्या बोर्डाचे साडेचार हजार सांगितले गेले. तिचे वडील हमाल. अर्जाच्या मुदतीला तीन दिवस राहिले होते. पेटी विहारातल्या अभ्यासिकेत आणून आम्ही व तिने मिळून उघडली.

पहिला प्रश्न असा, की संगणक मेला आहे की फक्त आंधळा झाला आहे? बटण दाबल्यावर पंखा फिरतच नसेल तर दोष विजेच्या वाटेवर शोधावा. त्याच सॉकेटमध्ये दुसरे उपकरण लावून पाहावे. एसएमपीएसच्या पाठीमागचे बटण चालू आहे ना, हे पाहावे. जुन्या एसएमपीएसला ११५ व २३० असा छोटा खटका असतो. आपल्याकडे तो २३० वरच हवा. ११५ वर ठेवून वीज दिली तर एसएमपीएस जळतो. मग समोरच्या बटणाची दोन वायरींची पिन बोर्डावरून काढून ते दोन खिळे स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर जोडावेत. संगणक सुरू झाला तर दोष बटणात, म्हणजे काही रुपयांचा.

तरीही हालचाल नसेल तर वीज बंद करून एसएमपीएसच्या सगळ्या जोडण्या संगणकापासून सोडवाव्यात. मोठ्या पिनमधील हिरवी व कोणतीही काळी वायर तुकड्याने जोडून मगच वीज द्यावी. पंखा फिरला तर एसएमपीएस बहुधा जिवंत आहे. मल्टिमीटर असल्यास पिवळ्या-काळ्यात १२ व्होल्ट आणि लाल-काळ्यात ५ व्होल्ट यांच्या आसपास यावेत. पाच टक्के इकडे-तिकडे चालते. मात्र एसएमपीएसची डबी कधीही उघडू नये. वीज काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये प्राणघातक विद्युतभार राहू शकतो.

आमच्या पेटीचा पंखा फिरत होता, पडदा मात्र काळा. म्हणजे आंधळा. अशा वेळी चार गोष्टी पाहाव्या लागतात. पडद्याची केबल नीट व योग्य जागी आहे का. प्रोसेसरजवळची चार किंवा आठ पिनांची वेगळी जोडणी बसवली आहे का. घरी जोडणी करणारे ही नेमकी विसरतात आणि मग पंखे फिरतात, चित्र येत नाही. बोर्डावरची ३ व्होल्टची नाण्यासारखी बॅटरी. ती संपत आली की आधी तारीख-वेळ चुकू लागते. आणि रॅम. मराठवाड्यातली धूळ आणि त्यावर पावसाळ्यातला दमटपणा यांनी रॅमच्या सोनेरी पट्ट्या मळतात. वीज काढून, पेटीच्या धातूला हात लावून मगच रॅम काढावी, शाळेच्या खोडरबराने पट्ट्या हलक्या हाताने घासाव्यात, रबराचा चुरा झटकावा आणि टक् आवाज येईपर्यंत बसवावी. दोन रॅम असतील तर एकेक लावून पाहावी.

एका वेळी एकच बदल करावा. चार गोष्टी एकदम हलवल्या तर दोष कोणता होता हे कधीच कळत नाही. त्या मुलीने वहीत प्रत्येक पायरी लिहिली. पाचव्या पायरीला रॅम घासली आणि पडदा उजळला. खर्च शून्य! दुसऱ्या दिवशी तिचा अर्ज गेला.

सुरू होऊन लगेच बंद पडणारा संगणक वेगळा. तेथे प्रोसेसरवरचा पंखा निसटला आहे का, बोर्डाखालचा एखादा स्क्रू वा पितळी टेकू भलत्या जागी लागला आहे का, हे पाहावे. बोर्ड बाहेर काढून कोरड्या पुठ्ठ्यावर ठेवून चालवला तर शॉर्ट चटकन कळतो. बोर्डावरचे नळकांडीसारखे कपॅसिटर फुगलेले दिसले, तर दुकानदाराचे म्हणणे खरे धरावे.

हे काम मुलग्यांचेच, असे कोणी समजू नये. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. तेव्हा विजेच्या धोरणाचे कामही त्यांच्याकडे होते आणि १९४४ साली केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले. त्यांच्या लेकींनी तारांना का भ्यावे?

पेटीला हात लावताच मुंग्या येत असतील तर ते घरात अर्थिंग नसल्याचे लक्षण आहे. ते काम वायरमनकडूनच करून घ्यावे. आणि पेटी दुकानात द्यावीच लागली तर आधी हार्ड डिस्क काढून घरी ठेवावी. बोर्ड गेला तरी डिस्कवरील दाखले, छायाचित्रे, नोंदी सहसा शाबूत असतात, आणि दुसऱ्या संगणकाला जोडून त्या काढता येतात. "फॉरमॅट मारावे लागेल" असे दुकानदार म्हणाला, तर आधी त्या नोंदी काढून घ्याव्यात.