मुष्टियुद्धाच्या चित्रपटांतील अभिनय

मुष्टियुद्धाच्या चित्रपटांत ठोसा बहुधा लागतच नाहीं. मूठ गालापासून चार बोटें दूर जाते. तें अंतर कॅमेऱ्याचा कोन लपवितो आणि आवाज मागाहून भरला जातो. ठोसा खरा वाटतो तो खाणाऱ्यामुळें. मारणाऱ्याचें बळ खाणाऱ्याच्या मानेंत, डोळ्यांत व श्वासांत दिसावें लागतें. म्हणून येथें नटाची कसोटी मार देण्यापेक्षां मार घेण्यांत अधिक लागते.

राकेश ओमप्रकाश मेहरा यांचा ‘तूफान’ (२०२१) हा हिंदी चित्रपट या दृष्टीनें पाहण्यासारखा आहे. मुंबईच्या डोंगरींत वसुली करणारा गुंड अझीझ अली मुष्टियोद्धा होतो. त्याचे गुरु नाना प्रभु. फरहान अख्तर यांनीं ही भूमिका पंचेचाळिशीनंतर केली. बंदीच्या काळांतील सुटलेलें शरीर आणि पुनरागमनाच्या वेळचें पिळदार शरीर यांतील फरक डोळ्यांत भरतो. परंतु शरीर कमावणें म्हणजे अभिनय नव्हे. पैसे घेऊन लढत हरलेल्या माणसाची शरम दाखविणें त्याहून कठीण.

सर्वांत जबर आघात रिंगणाबाहेर होतो. बाँबस्फोटांत पत्नी गेल्यापासून नानांच्या मनांत मुसलमानांविषयीं अढी आहे; आणि त्यांची कन्या अनन्या अझीझवरच प्रेम करते. परेश रावल यांच्या नानांचा प्रेक्षकाला राग येतो, तशीच कींवहि येते. मृणाल ठाकुर यांची अनन्या दोघांना माणसांत ठेवते.

कथानकाची वळणें आधींच ओळखूं येतात, हें खरें. तरीहि असा चित्रपट पाहतांना नजर मुठीवर न ठेवतां ठोसा खाणाऱ्याच्या चेहऱ्यावर ठेवावी.