दोरीच्या अलीकडे

सैन्यभरतीच्या मैदानावर सर्वांत निर्दय वस्तू कोणती, तर दोरी. सोळाशे मीटरची शेवटची फेरी संपत येते, घड्याळ बघणारा साहेब हात वर करतो आणि दोन जवान ट्रॅकवर दोरी आडवी ताणतात. साडेपाच मिनिटांच्या आत आलेल्याला ६० गुण, पुढे बीमवर दहा पुल-अप्स मारले की ४० गुण. दोरीच्या अलीकडे राहिलेला पोरगा घरी. त्याच्या नि पुढच्याच्या मध्ये कधी कधी एका हाताचं अंतर असतं. नोकरीत असताना अशा रॅलींना बंदोबस्ताला उभा राहिलो आहे, त्यामुळे ते चेहरे मला जवळून माहीत आहेत.

निवृत्तीनंतर अलिबागजवळच्या आमच्या किहीमच्या किनाऱ्यावर पोरं पळवायला लागलो. ओहोटीच्या वेळची ओली, घट्ट वाळू टायमिंग लावायला. सुरूच्या बनाकडची भुसभुशीत वाळू पायांत ताकद आणायला. आणि रविवारी कनकेश्वराच्या पायऱ्या. फिरायला आलेले पाहुणे हे सगळं बघतात, फोटो काढतात. खरं काम मात्र त्यांना दिसत नाही. ते फॉर्म भरायच्या आधी, मुलाच्या घरी, ओटीवर बसून होतं. आईवडिलांना समोर बसवून मी एकच विषय काढतो: नाही झालं तर?

हा विषय कोणालाच आवडत नाही. ‘सर, शुभ बोला’ म्हणत एका माउलीने मला चहासुद्धा अर्धा पिऊ दिला नाही. तरी मी सोडत नाही, याला कारण आहे. एका पोराची लेखी परीक्षा निघाली आणि मित्रांनी चोंढी नाक्यावर त्याचा फ्लेक्स लावला, ‘भावी सैनिक’ म्हणून. ग्राऊंडला पोरगा दोरीच्या अलीकडे राहिला. तो गावात आलाच नाही, परस्पर पेणला मावशीकडे गेला. फोन बंद. घरचे रात्रभर शोधत होते. वेळ चुकल्याचं दुःख त्याला होतंच. पण नाक्यावरून स्वतःच्या फोटोखालून घरी जायचं कसं, हे त्याला जास्त जड गेलं. तेव्हापासून माझ्याकडे अट आहे की ट्रेनिंगला हजर होण्याचं पत्र हातात पडेपर्यंत फ्लेक्स नाही, स्टेटस नाही, देवाला जाहीर नवस नाही.

ओटीवर आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. सैन्यभरतीची अग्निपथ योजना २०२२ साली आली. अग्निवीराची नोकरी चार वर्षांची, आणि त्यानंतर कायम होणार जास्तीत जास्त २५ टक्के. म्हणजे जो आज दोरीच्या पलीकडे गेला, त्याच्यासमोरही चार वर्षांनी पुन्हा दोरी आहेच. म्हणून दुसरी वाट आधीच ठरवून ठेवायची. पोलीस भरतीतही पुरुषांना सोळाशे मीटरच धावायचं असतं. तिथे गोळाफेक आणि शंभर मीटर वाढतात, आणि खुल्या गटालाही २८ वर्षांपर्यंत मुदत असते. पायातला सराव वाया जात नाही. आणि निकालानंतर ‘माझी वर ओळख आहे’ म्हणणाऱ्याचा फोन आला, तर तो घरात कोणी घ्यायचा नाही, हेही तेव्हाच ठरवतो. दुखावलेला बाप जमीन गहाण टाकायला तयार होतो, हे त्या दलालांना पक्कं ठाऊक असतं.

वेळ हुकली तर निदान कळतं काय हुकलं ते. मेडिकलचं तसं नाही. नवगावच्या बाजूचा एक कोळ्याचा मुलगा, बापाची बोट, जन्म पाण्यावर गेलेला. त्याने नौदलाचा फॉर्म भरला. दौड, उठाबशा, जोर, सगळं हसत पार. मेडिकलला डॉक्टरांनी पुढ्यात एक पुस्तक उघडलं, रंगीत ठिपक्यांचं. ठिपक्यांत आकडा दडलेला असतो, तो वाचायचा. पहिलं पान वाचलं. दुसऱ्या पानावर त्याला नुसते ठिपकेच दिसले. तिसऱ्यावरही. त्याला वाटलं पुस्तक जुनं झालंय, रंग उडालाय. शेजारचा पोरगा मात्र धडाधड आकडे सांगत होता.

लाल-हिरवा रंगदोष. जन्मजात, त्यावर औषध नाही, आणि एकोणीस वर्षांत घरात कोणाला पत्ता नाही. संध्याकाळी मी त्याच्याकडे गेलो तेव्हा बाप जाळं विणत बसला होता. मी समजावून सांगितलं. त्याचे हात थांबले. रात्रीच्या वेळी समोरून येणाऱ्या बोटीच्या डाव्या अंगाला लाल दिवा असतो, उजव्या अंगाला हिरवा. त्यावरून ती कुठल्या दिशेने चाललीय ते ओळखायचं. ‘म्हणून रे तू रातच्याला दिवे चुकवायचास,’ बाप म्हणाला, ‘आणि मी तुला मारायचो.’ पोरगा मेडिकलच्या दारात रडला नव्हता, तो तेव्हा रडला. आज तो अलिबागेत डिझेल मेकॅनिकचं शिकून बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. आता मी नवीन पोराला पळवायच्या आधी डोळे, कान, पायांचे तळवे आणि गुडघे डॉक्टरांना दाखवून यायला सांगतो. वर्षभर घाम गाळून मग कळण्यापेक्षा हे बरं.

हरलेल्या मुलाला काय सांगावं? सगळे डॉ. कलामांचा किस्सा सांगतात. देहरादूनला हवाई दलाच्या निवडीत पंचवीस जणांत ते नववे आले, जागा आठच होत्या. पुढे राष्ट्रपती म्हणून ८ जून २००६ रोजी पुण्याच्या लोहगाव तळावरून सुखोईतून त्यांनी उड्डाण केलं. किस्सा खरा आहे, मोठा आहे. पण कालच नापास झालेल्या पोराला राष्ट्रपतिभवन फार लांब दिसतं. मी आमच्या गावातला सांगतो. १९३० साली सालिम अली जर्मनीहून शिकून परतले, तर मुंबईच्या संग्रहालयातली त्यांची जागाच रद्द झालेली. त्याआधी पदवी नाही म्हणून सरकारी पक्षितज्ज्ञाची नोकरीही हुकलेली. बेकार माणूस बायकोला घेऊन किहीमच्या घरात येऊन राहिला आणि पावसाळ्यात सुगरणींची घरटी बघत बसला. नर अर्धं घरटं विणतो, मादी येऊन तपासते, पसंत नसेल तर निघून जाते; नर ते सोडून दुसरं विणायला घेतो. हे त्यांनी दिवसच्या दिवस बसून टिपलं, आणि त्या निबंधाने त्यांचं नाव झालं.

मला त्यातलं नाव होणं महत्त्वाचं वाटत नाही. नोकरी गेलेल्या त्या दिवसांत त्यांच्याकडे रोज सकाळी करायला एक काम होतं, ते महत्त्वाचं. म्हणून निकालाच्या दुसऱ्या दिवशी पोराने किनाऱ्यावर यायचंच, असा माझा हट्ट असतो. पळू नकोस, स्टॉपवॉच धर. नव्या पोरांच्या फेऱ्या मोज, त्यांची पावलं कुठे चुकतात ते सांग. पेणला जाऊन बसलेल्या त्या मुलालाही मी असंच परत आणलं. पहिला आठवडा तो कोणाशी बोलला नाही, फक्त आकडे लिहीत होता. नंतर एकदा छोट्या पोरांवर ओरडला, ‘पहिल्या फेरीतच का जीव तोडता!’ तेव्हा माझ्या जिवात जीव आला, कारण त्याची स्वतःची चूक तीच होती.

अधिकारी व्हायला निघालेल्यांचं अपयश आणखी वेगळं. एसएसबीत, म्हणजे अधिकारी निवडणाऱ्या मंडळाच्या चाचणीत, पाच दिवस मुलं एकत्र राहतात, खातात, छातीवर नंबर बांधून अडथळे पार करतात. शेवटच्या दिवशी एकेकाला मंडळासमोर बोलावतात, जेमतेम दोन-चार मिनिटं. मग सगळ्यांना बसवून निवडलेल्यांचे नंबर वाचतात. उरलेल्यांनी नंबर परत करायचा आणि स्टेशन गाठायचं. का नाही, ते कोणी सांगत नाही. आमच्याकडची एक मुलगी तिथून परतली ती ‘माझ्यात काय कमी आहे?’ एवढंच विचारत. मी म्हटलं, बाई, उत्तर माझ्याकडे नाही. पण आठवतंय तोवर पाचही दिवस कागदावर उतरव. तिने वही भरली. वाचताना तिलाच सापडलं की गटचर्चेत दुसऱ्याचं बोलणं पूर्ण होण्याआधी ती तोंड उघडत होती. पुढचं बोलावणं आल्यावर अलिबागच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून नाशिक रोडच्या छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्रात तिचं नाव घातलं. तिथे एसएसबीचं पत्र आलेल्यांना राहण्या-जेवण्यासकट मोफत शिकवतात, आणि रायगडातल्या किती मुलांना हे माहीतच नसतं, याचा मला खरोखर त्रास होतो.

पुढच्या महिन्यात ती भोपाळला निघते आहे. दुसरी वाट म्हणून बी.एड.चा फॉर्म भरून झालाय. परतीचं तिकीट तिने स्वतःच काढलंय. निवड झाली तर मेडिकलसाठी तिथेच थांबावं लागतं, मग ते रद्द करायचं, असं तिने वडिलांना सांगून ठेवलंय.