सापडलेल्या नाण्यांचा न्याय

रस्त्यात पैसे सापडले तर ठेवून घ्यावेत की मालक शोधावा? ज्यू धर्मशास्त्र शिकणाऱ्यांना सुरुवातीला नेमला जाणारा एक प्रसिद्ध पाठ याच प्रश्नावर आहे.

इ. स. २०० च्या सुमारास रब्बी यहुदा हनासी यांनी संकलित केलेली ‘मिश्ना’ ही ज्यू नियमांची संहिता सांगते: विखुरलेली नाणी सापडणाऱ्याची, पण थैलीत असतील तर जाहीर करून मालक शोधायचा. थैलीची खूण मालकाला पटवता येते. सुट्या नाण्यांची आशा तो सोडून देतो. पण पैसे पडल्याचे मालकाला अजून कळलेच नसेल तर? मिश्नावरील चर्चांचा ग्रंथ असलेल्या बाबिलोनी तालमूदमध्ये अबाये आणि रावा या पंडितांचा यावरच वाद आहे. अबाये म्हणतात, कळल्याशिवाय आशा सुटली असे धरता येत नाही. निकाल त्यांच्या बाजूने लागला, तरी रावांचे मत ग्रंथात जसेच्या तसे राहिले.

तालमूदच्या छापील पानाची मांडणीही अशीच, वेगवेगळी मते शेजारी ठेवणारी आहे. मध्ये मूळ मजकूर, एका बाजूला अकराव्या शतकातील राशी यांचे भाष्य, दुसऱ्या बाजूला नंतरच्या पंडितांनी घेतलेल्या शंका. पारंपरिक पाठशाळांत विद्यार्थी जोडीने बसून मोठ्याने वाचतात, एकमेकांचे मुद्दे खोडून काढतात. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठासारख्या ठिकाणी हस्तलिखितांतील पाठभेद, भाषा आणि इतिहास यांच्या अंगानेही हे ग्रंथ तपासले जातात.

विरुद्ध मत नीट समजून घेतल्याशिवाय निकाल द्यायचा नाही, ही या अभ्यासाची शिस्त कोणत्याही विषयाच्या विद्यार्थ्याने उचलावी अशी आहे.