टपालानें येणारी जादू

मुलांना खेळणें आवडतें, गोष्ट आवडते. परंतु या दोहोंहून अधिक ओढ त्यांस गुपिताची असते. घरांतील चार वडीलधाऱ्यांस जें ठाऊक नाहीं तें आपणांस ठाऊक असावें, या एका इच्छेपायीं मूल काय करणार नाहीं! अमेरिकेंत विसाव्या शतकांत या इच्छेवरच एक मोठा व्यापार उभा राहिला, आणि त्याच्या आठवणीनें तेथील वृद्ध माणसें अजूनहि हसतात व थोडीं हळहळतात. त्या व्यापारानें मुलांना फसविलें कीं शहाणें केलें, हा प्रश्न मात्र आपल्याकडील पालकांनींहि विचारांत घेण्याजोगा आहे.

आल्फ्रेड जॉन्सन स्मिथ नांवाचे गृहस्थ १९१४ सालीं ऑस्ट्रेलियांतून शिकागोस आले आणि त्यांनीं टपालानें चमत्कारिक वस्तु विकण्याचा धंदा मांडला. त्यांच्या 'जॉन्सन स्मिथ आणि कंपनी'ची सूची म्हणजे शेंकडों पानांचा ग्रंथच होता. बारीक टाइप, पानोपानीं चित्रें, आणि प्रत्येक वस्तूचें असें रसभरित वर्णन कीं, वाचतांना मुलानें जेवण विसरावें. पत्त्यांच्या जादू, कोडीं, थट्टेचीं साधनें असें सारें कांहीं त्यांत असे, आणि बऱ्याच वस्तु थोड्या सेंटांत मिळत. ज्या गांवीं जादूच्या सामानाचें दुकान नाहीं, तेथील मुलालाहि टपालपेटी हेंच दुकान झालें. या सूचीवर लोकांचें प्रेम इतकें कीं, १९२९ सालची सूची १९७० मध्यें पुनः छापण्यांत आली व जीन शेफर्ड या विनोदी लेखकानें तिला प्रस्तावना लिहिली. मालाच्या यादीला असें भाग्य क्वचितच लाभतें!

आतां वस्तु हातीं आल्यावर काय होई तें पाहूं. आवाज हवा तेथून काढण्याच्या विद्येची एक प्रसिद्ध जाहिरात असे. तींत हमालाच्या पाठीवरील पेटींतून मदतीची हांक येत असलेली दाखवीत. प्रत्यक्षांत पाकिटांतून निघे ती तोंडांत ठेवावयाची एक चिमुकली वस्तु व सोबत एक पुस्तिका. खरी विद्या त्या पुस्तिकेंतील अभ्यासांत होती, आणि अभ्यास कांहीं टपालानें येत नाहीं. पुढें चित्रकथांच्या पुस्तकांतून एका डॉलरला 'क्ष-किरणांचे चष्मे' विकले जाऊं लागले. त्यांच्या पुठ्ठ्याच्या भिंगांत बारीक भोंक व त्यामागें पक्ष्याचें पीस असे. पिसाच्या तंतूंमुळें एकाच वस्तूच्या दोन प्रतिमा दिसत, आणि त्या जेथें एकमेकींवर येत तेथील काळसर छाया हाडासारखी भासे. हॅरोल्ड फॉन ब्राउनहट यांनीं १९६० च्या सुमारास विकावयास काढलेल्या 'सागरी माकडां'ची तर कथाच निराळी. जाहिरातींत मुकुट घातलेलें मनुष्याकृति कुटुंब. भांड्यांत मात्र खाऱ्या पाण्यांतील कोळंबीच्या वर्गाचे इवलेसे जीव! पहिल्या पुडीवर 'पाणी शुद्ध करणारी' असें छापलेलें असे, परंतु अंडीं तींतच असत. दुसऱ्या दिवशीं मूल दुसरी पुडी ओती, तोंवर तीं फुटलेलीं असत. मुलाला वाटे, आपण आतांच प्राण ओतला. लोकांची नजर एकीकडे वळवून काम दुसरीकडे उरकावयाचें, हा जादूगाराचा पहिला नियम तेथें पुडीच्या रूपानें विकला जात होता.

हें वाचून कोणीहि वडील मनुष्य म्हणेल कीं, ही उघड फसवणूक झाली. तें खोटें नाहीं. पण या वस्तूंत आणि जादूच्या साहित्यांत एक मोठा भेद आहे. चष्मा घेणारें मूल फसतें आणि रडतें. जादू विकत घेणाऱ्या मुलाच्या हातीं फसविण्याची किल्लीच येते. पाहणाऱ्याची नजर कोठें जाते, तो काय गृहीत धरतो, आणि आपल्या डोळ्यांवर त्याचा किती फाजील विश्वास असतो, हें तें आरशापुढें तासन् तास बसून शिकतें.

नेब्रास्का संस्थानांत वाढलेल्या जॉनी कार्सन या मुलास वयाच्या १२ व्या वर्षाच्या सुमारास मित्राच्या घरीं जादूचें एक पुस्तक सांपडलें. त्यानें लागलीच टपालानें जादूचें सामान मागविलें, आणि १४ व्या वर्षीं तो 'द ग्रेट कार्सोनी' या नांवानें प्रयोग करूं लागला. १९६२ पासून ३० वर्षें हेच कार्सन अमेरिकेंतील दूरदर्शनावरील एका अत्यंत लोकप्रिय कार्यक्रमाचे सूत्रधार होते. १९७३ सालीं, मनोबलानें चमचे वाकवितों असें म्हणणारे युरी गेलर त्यांच्या कार्यक्रमांत येणार होते. कार्सन यांनीं जेम्स रँडी या जादूगाराचा सल्ला घेतला. त्याप्रमाणें साहित्य कार्यक्रमाचेंच ठेविलें आणि गेलर यांचा त्यास आधीं हात लागूं दिला नाहीं. त्या रात्रीं गेलर यांच्याकडून अपेक्षित चमत्कार घडला नाहीं. विद्वान मंडळी जेथें चकित होऊन बसली होतीं, तेथें टपालाच्या जादूवर वाढलेल्या मुलास काय तपासावें हें ठाऊक होतें.

आपल्या महाराष्ट्रांत अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते बुवाबाजीचे चमत्कार गांवोगांव स्वतः करून दाखवितात, तेंहि याच न्यायानें. युक्ति एकदां समजली कीं चमत्काराचा दरारा उरत नाहीं.

जॉन्सन स्मिथ कंपनीचा व्यवसाय २०१९ सालीं बंद झाला. परंतु मुलांची गुपिताची भूक कांहीं बंद झालेली नाहीं. म्हणून सुटींत घरांतील एखादा चिरंजीव अगर कन्या पत्त्यांचा जोड व एक दोरा घेऊन आजीपुढें येऊन बसली, तर 'अभ्यास सोडून हे काय चाळे?' असें म्हणूं नये. आजीनें खुशाल फसावें, आणि मग नातवंडाजवळ बसून तें कसें केलें हें त्याच्याकडून नीट समजून घ्यावें.